कराची ते मुंबई : अंतर एक, वाटा तीन

दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा छापतात, तो कोणत्याही विमानाने नेमका कापलेला नसतो. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वर्तुळावरून जातो त्याला महावृत्त म्हणतात. त्या दोऱ्याची लांबी म्हणजे हे अंतर. कराची आणि मुंबई विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी वहीत गणित मांडले. पृथ्वीच्या मध्याशी दोहोंमध्ये 7.86 अंशांचा कोन होतो. एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरले की उत्तर येते साधारण 875. हा दोरा कच्छचे पश्चिम टोक आणि जामनगरचा परिसर ओलांडून, सौराष्ट्रावरून पुन्हा समुद्रावर उतरतो.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. ताशी 800 किलोमीटरने भागून तासाभराचे उत्तर येते. पण चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंत रांगणे हे वेगात बसत नाही. जवळच्या प्रवासात हाच भाग मोठा. म्हणून दीड तास धरावा. त्यात घड्याळांची गंमत आहे. कराचीचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. त्यामुळे तिकिटावर येताना दोन तास दिसतात, जाताना एकच!

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाच्या ‘पुस मॉथ’मधून टपाल घेऊन कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघाले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. वाटेत अहमदाबाद होते, म्हणजे दोऱ्यापेक्षा सुमारे 160 किलोमीटर जास्त. भारतातली नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली ती याच मार्गावर.

आज ही वाट बंद आहे. थेट विमान नाही. सोयीची वाट दुबईहून. कराची-दुबई 1,190 आणि दुबई-मुंबई 1,925, मिळून 3,115 किलोमीटर. सरळ अंतराच्या साडेतीनपट! आधी पश्चिमेला जायचे, मग तेवढेच पूर्वेला परत येऊन आणखी पुढे. नुसते उडण्याचे पाच तास, वर दुबईतला मुक्काम. टाटांचे सात-साडेसात तास त्यापुढे फारसे वाईट वाटत नाहीत, आणि त्यांना व्हिसाही लागत नव्हता. एप्रिल 2025 पासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले.

हे गणित मी मांडले ते कराचीत जन्मलेल्या एका आजींसाठी. फाळणीपूर्वी तिथे मराठी कुटुंबे पुष्कळ होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची, 1855 साली सुरू झालेली शाळा तिथे अजून आहे. आजींनी विचारले होते, ‘‘नागपूर लांब की कराची?’’ मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे 690 किलोमीटर. कराची त्याहून 185 किलोमीटर लांब, विमानाच्या हिशेबात जेमतेम पंधरा मिनिटे. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘एवढंच?’’ आणि वही माझ्याकडून मागून घेतली.