अडथळा निघाला, मूत्रपिंडाचे काय?

मूत्रमार्गात जन्मतःच अडथळा असलेल्या बालकावर शस्त्रक्रिया होते, लघवी मोकळी होऊ लागते आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. ते साहजिकच आहे. मात्र त्या दिवशी नुकसान करणारे कारण तेवढे दूर झालेले असते. आधी झालेले नुकसान भरून निघालेले नसते. हा फरक पालकांइतकाच शिक्षकांनीही समजून घ्यायला हवा, कारण असे मूल पुढची दहा-बारा वर्षे दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. जालन्यासारख्या कोरड्या हवेच्या जिल्ह्यात तर या तासांना विशेष महत्त्व आहे.

प्रथम रचना पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ आणि त्याला जोडलेली सूक्ष्म नलिका. गुच्छातून पाणी, क्षार व टाकाऊ द्रव्ये गाळली जातात. त्यांपैकी उपयोगी द्रव्ये आणि बहुतेक पाणी नलिका पुन्हा रक्तात पाठवते. उरते ती लघवी. मूत्रवाहिनीतून ती मूत्राशयात येते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते.

या वाटेवर अडथळा कोठे आहे, यावर बरेच अवलंबून असते. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यापाशी, तेही एकाच बाजूला तो असेल, तर दुसरे निरोगी मूत्रपिंड वाढून बराचसा भार उचलते. अशा मुलांचे भवितव्य सहसा चांगले असते. पण मुलग्यांमध्ये कधी कधी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गातच पातळ पडद्यासारखी झडप असते. सुमारे पाच ते आठ हजार मुलग्यांत एखाद्याला हा दोष आढळतो. अमेरिकेतील शल्यविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ साली त्याचे वर्गीकरण केले. येथे वाट एकच असल्याने तुंबलेल्या लघवीचा दाब दोन्ही मूत्रपिंडांवर येतो.

हा दाब जन्माच्या फार आधी सुरू होतो. गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असतानाच लघवी तयार होऊ लागते. दाबामुळे कोवळ्या नलिका रुंदावतात, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी निरुपयोगी तंतू वाढतात. दुसरीकडे, नवे नेफ्रॉन बनण्याचे काम गर्भावस्थेच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपते. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. तुंबलेला चर मोकळा केला तरी पाण्यात सडलेली मुळे पुन्हा जिवंत होत नाहीत, हे मोसंबीच्या बागा असलेल्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना सहज पटेल.

मग शस्त्रक्रियेनंतर मूल बरे का दिसते? उरलेले नेफ्रॉन जास्त काम करतात म्हणून. तीन किलोचे बाळ पन्नास-साठ किलोचा तरुण होते. नेफ्रॉन मात्र तेवढेच राहतात. जादा भाराने त्यांतलेही काही हळूहळू निकामी होतात. म्हणून पौगंडावस्थेत, शरीर झपाट्याने वाढताना, उणीव उघडी पडते. फिनलंडमधील हेलसिंकी येथे झडपेवर उपचार झालेल्या १९३ रुग्णांचा दीर्घकालीन आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक पंचमांशाहून अधिक जणांची मूत्रपिंडे पुढे निकामी झाली होती आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणांच्या बाबतीत हे वयाच्या १७ वर्षांनंतर घडले. याचाच दुसरा अर्थ असा, की बहुसंख्य रुग्णांची मूत्रपिंडे टिकली.

मूत्रपिंडाचे काम मोजण्याची एक रीत वर्गात गणित म्हणूनही करता येईल. स्नायूंत तयार होणारे क्रिएटिनिन हे द्रव्य मूत्रपिंड गाळून टाकते. गाळण कमी झाली की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. श्वार्ट्झ यांच्या २००९ च्या सुधारित सूत्रानुसार, सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनच्या आकड्याने भागावे. एका डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम क्रिएटिनिन आहे, तो हा आकडा. समजा, मुलाची उंची ११० सेंमी आणि क्रिएटिनिन ०.४ आहे. उत्तर येते सुमारे ११४, म्हणजे उत्तम. क्रिएटिनिन ०.९ असेल तर उत्तर सुमारे ५०. काम निम्म्यावर आले! प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र ०.७ ते १.३ अशी प्रौढांची मर्यादा छापलेली असली, तर ०.९ हा आकडा निर्धोक वाटतो. लहान मुलाचे स्नायू कमी असतात, म्हणून त्याचा आकडाही कमीच हवा. अंतिम निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, हे या गणितावरून कळते.

आता शाळेकडे वळू. इजा झालेल्या नलिका पाणी परत शोषून घेण्यात कमी पडतात. म्हणून अशा मुलाला पातळ लघवी वारंवार आणि भरपूर होते. तो सतत परवानगी मागतो, ती टाळाटाळ म्हणून नव्हे. शिवाय वर्षानुवर्षे जोर लावून जाड झालेला मूत्राशय झडप काढल्यावरही नीट रिता होत नाही. दर दोन-तीन तासांनी, इच्छा नसली तरी लघवीला जाणे हा त्याच्या उपचाराचा भाग असतो. लघवी रोखून धरली तर दाब पुन्हा वर मूत्रपिंडाकडे चढतो. शाळेत स्वच्छतागृह नसले किंवा कुलूपबंद असले, तर शस्त्रक्रियेने जे साधले ते तेथे वाया जाऊ शकते. पाण्याचेही तसेच. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना या मुलाच्या शरीरातील पाणी इतरांपेक्षा लवकर घटते. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे पाणी त्याला वर्गातच मिळायला हवे.

तिसरी गोष्ट नियमित तपासणीची. रक्तदाब, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, सोनोग्राफी आणि उंची-वजन यांची नोंद प्रौढ होईपर्यंत ठेवावी लागते. मंठा-परतूर भागातून छत्रपती संभाजीनगरला जाणे म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी बुडणे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर दिवाळीनंतर पाच-सहा महिने गावाबाहेरच असतात आणि तारीख चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमाच्या पथकाला शिक्षकांनी अशा मुलाची जुनी कागदपत्रे दाखवावीत. सर्दी-खोकल्याशिवाय येणारा ताप, चेहऱ्यावरची सूज, खुंटलेली उंची, वारंवार ओले होणारे कपडे यांपैकी काही आढळले तर पथकाची वाट न पाहता पालकांना बोलवावे.

गेलेले नेफ्रॉन परत आणणे आज कोणालाच शक्य नाही. उरलेले जपणे शक्य आहे. शस्त्रक्रिया ही त्याची सुरुवात असते. पुढची राखण घर, दवाखाना आणि शाळा यांनी मिळून करायची असते.