फोनलाही दोन कान असतात



आता बऱ्याच गटांत बैठकीचं रेकॉर्डिंग करतात. सचिवताईंना इतिवृत्त लिहायला त्याचा उपयोग होतो. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांनाही काय ठरलं ते पुन्हा ऐकता येतं. पण रेकॉर्डिंग लावलं की पंख्याची घरघर, शेजारची गिरणी, पोरांचा गलका सगळं ऐकू येतं, आणि मागे बसलेल्या ताईने हप्त्याबद्दल काय सांगितलं तेवढंच कळत नाही. मग "मी तसं बोललेच नव्हते" यावरून वाद होतात.

आवाज स्वच्छ कसा होतो ते आधी समजून घेऊ. बहुतेक स्मार्टफोनला दोन किंवा जास्त माइक असतात. चार्जिंगच्या जागेजवळ जे बारीक भोक दिसतं तो एक. दुसरा वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ असतो. आपण फोन कानाला लावून बोलतो तेव्हा खालचा माइक तोंडाजवळ असतो, म्हणून त्यात आपला आवाज मोठा येतो आणि वरच्यात बारीक. गिरणी लांब असते, म्हणून तिचा आवाज दोन्हींत जवळपास सारखाच येतो. जे दोन्हीकडे सारखं ते गोंगाट, असं धरून फोन ते कमी करतो. तांदळातून खडे निवडावेत तसंच हे!

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक मीटर लांबच्या माइकपर्यंत तो सेकंदाच्या साधारण तीन हजारांश भागाइतका उशिरा पोचतो. अनेक माइक असलेली यंत्रं या फरकावरून बोलणारी व्यक्ती कोणत्या बाजूला आहे ते ओळखतात आणि त्या बाजूचा आवाज उचलून धरतात.

पण फोन गोलाच्या मधोमध ठेवला, तर सगळ्यांचा आवाज दोन्ही माइकमध्ये सारखाच येतो. मग निवडणार काय? शिवाय कॉलवर फोन हे काम करतो, तसं रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक फोन करेलच असं नाही. म्हणून एवढं करा:

१. फोन बोलणाऱ्या ताईजवळ न्या. अंतर निम्मं झालं की तिचा आवाज जवळपास दुप्पट जोराने पोचतो. गिरणीचा आहे तेवढाच राहतो.

२. दोन-तीन फोन असतील तर एक अध्यक्षांजवळ ठेवा, एक मागच्या रांगेत. सगळे सुरू झाले की एक मोठी टाळी वाजवा. नंतर ऐकताना टाळीपासून वेळ मोजा, आणि जिचं बोलणं हवं तिच्या जवळच्या फोनवरून ऐका.

३. माइकची भोकं कव्हरने किंवा बोटाने झाकू नका. फोन पत्र्याच्या पेटीवर नको, घडी घातलेल्या कापडावर ठेवा.

४. ठराव, नाव आणि रक्कम सांगताना पंखा बंद करा आणि रक्कम दोनदा म्हणा.

५. रेकॉर्डिंग करण्याआधी सगळ्यांना विचारा.

गोंगाटात बुडालेला शब्द नंतर कोणतंही ॲप खात्रीने परत आणू शकत नाही. म्हणून बैठक संपली की उठायच्या आधी सर्वात मागे बसलेल्या ताईचं बोलणं लावून बघा. ते नीट ऐकू आलं नाही, तर त्याच वेळी तिला पुन्हा विचारून रजिस्टरमध्ये लिहून घ्या.

– तुमची क्षेत्र समन्वयक