घरी जोडलेल्या संगणकातील वायुवीजन व शीतकरण : सोलापूरच्या उन्हाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक अनेक प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी वापरतात. असा संगणक एप्रिल-मे महिन्यांत संथ होतो किंवा काम चालू असतानाच बंद पडतो. दोष व्हायरसला किंवा वीजदाबाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण उष्णता हे असते. प्रबंधाचा साठवून न ठेवलेला मजकूर अशा वेळी कायमचा जातो. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान चाळिशी ओलांडते आणि यंत्रमागांच्या परिसरात हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. या दोन्ही बाबी लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात संगणकाच्या शीतकरणाचा विचार केला आहे.

उष्णतेचे गणित :
संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. पंखा हवा थंड करीत नाही, तो उष्णता वाहून नेतो. म्हणून खोलीचे तापमान ४० अंश सेल्सिअस असताना कितीही पंखे बसविले तरी प्रोसेसर त्याहून थंड होणार नाही. आपल्या हाती असतो तो केवळ या दोहोंतील फरक. ३०० वॅट उष्णता बाहेर नेताना हवा १० अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील सोलापुरात कॅबिनेटमधून दर सेकंदाला सुमारे २८ लिटर हवा वाहिली पाहिजे. प्रवाह निम्म्यावर आला की ही वाढ २० अंश होते, म्हणजेच बाहेर पडणारी हवा ६० अंशांवर जाते. अनेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतात.

हवेचा मार्ग :
हवा समोरून खालच्या बाजूने आत यावी आणि मागून वरच्या बाजूने बाहेर जावी. पंख्याच्या ज्या बाजूस चौकटीच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. वायरी मदरबोर्डच्या मागे बांधाव्यात, रिकाम्या खाचा झाकाव्यात आणि कॅबिनेट भिंतीला टेकवू नये. बाजूचे झाकण काढून ठेवल्यास हवेचा ठरलेला मार्ग मोडतो व धुळीस मोकळी वाट मिळते.

धूळ आणि तंतू :
शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकतात, त्यांवर धूळ बसते आणि हवेची वाट बंद होते. यावर उपाय म्हणजे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवणे व आत घेणाऱ्या पंख्यांवर जाळी बसविणे. त्यामुळे फटींतून हवा आत खेचली जात नाही. जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी. आतील सफाईपूर्वी वीजजोडणी काढावी आणि पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत.

कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरने खोलीचे तापमान उतरते व त्याचा लाभ संगणकासही होतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. पाण्याचे तुषार आत गेल्यास भाग निकामी होऊ शकतात.

समारोप :
संगणकावर सारख्याच कामाचा भार असताना प्रोसेसर व खोली यांच्या तापमानांतील फरक नोंदवून ठेवावा. तो वाढू लागला की प्रथम सफाई करावी, नंतर हवेचा मार्ग तपासावा आणि त्यानंतरच नव्या पंख्याचा विचार करावा. हा क्रम पाळल्यास खर्च वाचतो आणि मुख्य म्हणजे केलेले काम सुरक्षित राहते.