साथीच्या दिवसांत जनावरांची औषधे माणसांनी का घेऊ नयेत?

ज्या घरी जनावर आहे, त्या घरी जनावराचे औषधही असते. गोठ्यातील फळीवर गोचिडांचे औषध, जंतांची बाटली, सड धुण्याचे औषध आणि एखादी अर्धी उरलेली इंजेक्शनची कुपी, अशा वस्तू बहुतेक पशुपालकांकडे आढळतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्या बाळगण्यात गैर काहीच नाही. वेळेवर उपचार झाल्यास जनावर वाचते व दुधातील तूट टळते. परंतु कोविड-१९ च्या साथीत जगात काही ठिकाणी भयभीत झालेल्या माणसांनी हीच फळी आपल्या औषधाचे कपाट मानले आणि त्यातून काहींवर गंभीर प्रसंग ओढवले. पुढची साथ केव्हा व कोणत्या रोगाची येईल हे सांगता येत नाही. म्हणून या धोक्याचा विचार निवांत काळातच करून ठेवणे इष्ट आहे.

नाहूरचा परिसर

मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर हे स्थानक आहे. साष्टीतील हे जुने गाव आता मुंबई उपनगरात पूर्णपणे सामावून गेले आहे. पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरे, पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि डोंगरापलीकडे गोरेगावला १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत. मुंबईला दूध पुरविणाऱ्या म्हशींचे तबेले उपनगरांना नवे नाहीत. शेजारच्या मुलुंडला औषधांचे मोठे कारखानेही उभे राहिले होते. हेक्स्ट कंपनीची संशोधनशाळा तेथेच होती. अशा रीतीने माणसांचे औषध, जनावरे आणि दाट लोकवस्ती ही तिन्ही येथे हाकेच्या अंतरावर नांदत आली आहेत.

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी झाली व लोकलगाड्या सर्वसामान्यांना बंद झाल्या. जुलै २०२० मध्ये नाहूरजवळच, मुलुंड येथील रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या जागेवर, मोठे तात्पुरते कोविड केंद्र सुरू झाले. परंतु म्हशीला टाळेबंदी ठाऊक नसते. दोन वेळची धार काढावीच लागते, दूध पोहोचवावेच लागते. जनावरे सांभाळणाऱ्या माणसाला घरी बसून राहणे शक्य नव्हते.

अशा माणसाला रात्री ताप भरला, नेहमीचा दवाखाना बंद आहे, तपासणीचा निष्कर्ष यावयास अवकाश आहे, आणि त्याच वेळी भ्रमणध्वनीवर कोणी एका औषधाचे नाव कळविले, अशी कल्पना करा. ते नाव वाचताच त्याला आठवते की, हे औषध तर आपल्या गोठ्यातच आहे! मोहाचा क्षण तो हाच. त्या क्षणी अज्ञानापेक्षा भीती अधिक प्रबळ असते, हे उपदेश करणाऱ्यांनी विसरू नये.

आयव्हरमेक्टिनची कथा

या साथीत ज्या औषधाचा सर्वाधिक बोलबाला झाला, ते आयव्हरमेक्टिन पशुपालकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवापासून त्याचा उगम झाला. विल्यम कॅम्बेल यांच्या संशोधनाने त्याचे जंतनाशक गुण सिद्ध झाले व १९८१ पासून ते जनावरांसाठी विकले जाऊ लागले. १९८७ पासून आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर ते माणसांनाही देण्यात येऊ लागले. या कार्याबद्दल दोघांना २०१५ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. तेव्हा हे औषध वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. परजीवी कृमींच्या मज्जातंतूंवर व स्नायूंवर परिणाम करून ते त्यांना लुळे करते. विषाणू हा मात्र कृमी नव्हे.

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोगशाळेतील पेशींवर या औषधाने कोविडच्या विषाणूची वाढ रोखल्याचे जाहीर केले. तथापि त्या प्रयोगातील औषधाचे प्रमाण, नेहमीच्या मात्रेने माणसाच्या रक्तात जेवढे औषध पोहोचते त्याच्या कितीतरी पट अधिक होते. बातमी जगभर पसरली. हा ‘तथापि’ मात्र मागे राहिला.

आपल्याकडेही त्याचे पडसाद उमटले. एप्रिल २०२१ मधील केंद्रीय उपचार-सूचनांत सौम्य रुग्णांना हे औषध देण्याचा विचार करता येईल, असा उल्लेख होता. १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने त्यापूर्वीच, ३१ मार्च २०२१ रोजी, हे औषध केवळ नियंत्रित चाचण्यांतच वापरावे असे सांगितले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय सूचनांतूनही ते वगळण्यात आले. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या औषधामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, असे त्यात दिसून आले.

गोव्यातील प्रश्न माणसांसाठी बनविलेल्या गोळ्यांचा होता. अमेरिकेत गोष्ट त्यापुढे गेली. तेथे ऑगस्ट २०२१ मध्ये काही लोकांनी गुराढोरांच्या दुकानांतून घोड्यांची व गाईबैलांची औषधे आणून स्वतः घेतली. मिसिसिपी राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितले की, विषबाधा केंद्राकडे आयव्हरमेक्टिनसंबंधी त्या सुमारास आलेल्या दूरध्वनींपैकी किमान ७० टक्के जनावरांच्या औषधासंबंधी होते. त्यापूर्वी, मार्च २०२० मध्ये, ॲरिझोना राज्यात एका वृद्ध जोडप्याने माशांच्या टाकीसाठी वापरावयाचे क्लोरोक्विन पोटात घेतले व त्यात पती दगावला. कोविडवर उपयोगी म्हणून ज्या औषधाची चर्चा त्यांनी ऐकली होती, त्याचेच नाव त्या डब्यावर होते.

नाव एक, मात्रा भिन्न

‘औषध तेच, मग बाटली कोणतीही का असेना’ हा युक्तिवाद साध्या हिशेबानेही टिकत नाही. जनावरांना टोचावयाच्या एक टक्क्याच्या द्रावणात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. सुमारे ६० किलो वजनाच्या माणसाला डॉक्टर जंतविकारासाठी हे औषध देतात, तेव्हा ते साधारण १२ मिलिग्रॅम असते. चहाच्या एका चमच्यात पाच मिलिलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम औषध मावते, म्हणजे मात्रेच्या चौपटीहून अधिक. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत चाळीसहून अधिक माणसांना पुरेल एवढे औषध असते. अमेरिकेत मिळणारी घोड्यांची नळी साडेपाचशे किलोंहून अधिक वजनाच्या जनावरासाठी भरलेली असते व तीत सुमारे ११४ मिलिग्रॅम औषध असते. लहान मुलाच्या बाबतीत हा हिशेब किती भयंकर होईल, हे सांगावयास नको.

शिवाय बाटलीत केवळ औषध नसते. ते विरघळविण्यासाठी घातलेले द्रव जनावराच्या कातडीखाली टोचण्यासाठी किंवा पाठीवर ओतण्यासाठी निवडलेले असतात. माणसाने ते प्यावेत असा विचार कोणी केलेला नसतो. जादा मात्रेने मळमळ, वांती, हगवण, रक्तदाब उतरणे, तोल जाणे व भ्रम होणे, असे विकार होतात. क्वचित झटके येऊन बेशुद्धी व मृत्यूही ओढवतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास त्यांच्या परिणामातही बिघाड होऊ शकतो.

एकाला पथ्यकर, दुसऱ्याला घातक

एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याला मानवेलच असे नाही. हे पशुवैद्यक रोज पाहतात. कॉली जातीच्या अनेक मेंढपाळी कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो. त्यामुळे इतर कुत्र्यांना न बाधणारी आयव्हरमेक्टिनची मात्राही त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरू शकते. टिल्मिकोसिन हे गुरांच्या फुप्फुसाच्या रोगावरील उपयुक्त औषध. पण त्याची सुई चुकून स्वतःला टोचली गेल्याने माणसे मृत्यू पावली आहेत. डायक्लोफेनॅक माणसांच्या सांधेदुखीवर चालते. पण ते दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली व म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

रोगाची अवस्था बदलली तरीही औषधाचा गुण बदलतो. डेक्सामेथासोन पशुवैद्यकाच्या पेटीतही असते. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत असे दिसले की, प्राणवायू किंवा श्वसनयंत्र लागलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू या औषधाने घटतात. ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना मात्र त्याचा लाभ होत नाही. हा भेद न पाळता पुष्कळांनी अशी स्टेरॉइड औषधे घरीच व लवकर सुरू केली. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने मोठ्या संख्येने लोकांना ग्रासले. काहींचे डोळे गेले, काहींचे जबडे काढावे लागले. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा अविचारी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

योग्य रीत कोणती?

हेच आयव्हरमेक्टिन माणसांना योग्य रीतीने कसे देतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हत्तीपाय रोगाच्या निर्मूलनासाठी नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम राबविण्यात आली. त्यांत आयव्हरमेक्टिन होते. माणसाची उंची मोजून गोळ्यांची संख्या ठरवितात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी यांना वगळतात. गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच घ्यावयाच्या असतात, म्हणजे त्रास झाल्यास लगेच लक्ष देता येते. रोग ठरलेला, माणूस तपासलेला, मात्रा मोजलेली व देखरेख चालू, अशी ही व्यवस्था आहे. गोठ्यातील बाटलीमागे यांपैकी एकही गोष्ट नसते.

औषधांच्या नियमांप्रमाणे जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ते माणसांसाठी नसून केवळ जनावरांच्या उपचारासाठी आहे असे ठळकपणे लिहावे लागते व पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह छापावे लागते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते चित्र ओळखता येते. घरातील मुलांना व वडीलधाऱ्यांना हे चिन्ह एकदा दाखवून ठेवावे.

दुधावाटे येणारा अंश

दुभत्या जनावराला दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरू शकतो. आयव्हरमेक्टिन स्निग्धांशात विरघळते, म्हणून दुधाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. कोणतेही औषध दुभत्या म्हशीला देण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारावे व लेबलावर सांगितलेल्या मुदतीत ते दूध विकू नये, घरी वापरू नये. स्वतः औषध न घेताही जनावराचे औषध आपल्या पेल्यात येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

भ्यालेल्या माणसाची थट्टा करू नये. तो औषध लपवील आणि नंतर लक्षणेही लपवील. त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे गोठ्यातील बाटलीपर्यंत पोहोचण्याइतके सोपे करणे, हेच खरे विस्तारकार्य होय. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. जनावरांची औषधे घरातील औषधांपासून वेगळी, कुलपात व मूळ वेष्टनातच ठेवण्यास सांगावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ती कधीही ओतून ठेवू नयेत.

२. उरलेले औषध शेजाऱ्याला देऊ नये. मुदत संपलेल्या औषधाची विल्हेवाट कशी लावावी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

३. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्ती व पशुवैद्यकीय दवाखाना यांचे दूरध्वनी क्रमांक दूध संकलन केंद्रावर व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ व जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हे क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावेत.

४. नव्या औषधाची बातमी आली की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हे माणसांवर तपासले आहे काय? कोणत्या अवस्थेतील रुग्णांवर? मात्रा कोण ठरविणार?

५. अधिकृत सूचना बदलतात. नवा पुरावा आला म्हणजे जुना सल्ला मागे घेणे हा शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. म्हणून मागील वर्षीचा कागद न दाखविता ताजी सूचना मिळवून सांगावी.

६. कोणी जनावराचे औषध घेतलेच असेल, तर बळेने वांती करवू नये व घरगुती उतारा देऊ नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे व बाटली किंवा वेष्टन बरोबर घ्यावे. काय व किती घेतले हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्यासाठी आपण वजनाचा अंदाज घेतो, पशुवैद्यकाला बोलावितो, मात्रा विचारतो व औषध दिल्यावर दोन दिवस नजर ठेवतो. म्हशीसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी स्वतःसाठी घ्यावयास काय हरकत आहे? साथ आली असता गोठ्यातील फळी गोठ्यासाठीच राहू द्यावी आणि माणसाने माणसांच्या डॉक्टरांकडे जावे.