चाकूच्या मुठीवरचा रंग हाताने काढणे : अ‍ॅनोडायझिंगच्या थराची ओळख

कुंभकोणमजवळचे गोविंदपुरम् मराठी माणसाला तिथल्या विठ्ठल मंदिरामुळे ठाऊक असते. धातुकामाच्या विद्यार्थ्याला मात्र हा सारा परिसर नाचियारकोविलच्या पितळी समया आणि स्वामिमलईच्या ओतीव मूर्ती यांसाठी महत्त्वाचा. पितळेवरचा काळसर थर चिंचेने निघतो, कारण चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवते. तीच चिंच घडीच्या चाकूच्या निळ्या किंवा लाल अ‍ॅल्युमिनियम मुठीवर घासली, तर रंग ढिम्म हलत नाही.

कारण तो रंग मुठीवर फासलेला नसतो. गंधकाम्लाच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियमला धनाग्र करून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागातून ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार होतो. रंगीत वस्तूंवर तो साधारण १० ते २५ मायक्रॉन असतो. त्या सूक्ष्म छिद्रांत रंगद्रव्य शिरते आणि नंतर उकळत्या पाण्यात धरल्यावर छिद्रांची तोंडे मिटतात. तेव्हा रंग काढायचा म्हणजे हा थरच काढायचा. (टायटॅनियमची मूठ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रंगद्रव्य नसतेच; अतिपातळ ऑक्साइडमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून रंग दिसतो आणि तो हलक्या घासण्यानेही जातो.)

हाताने काढण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर घ्यावा आणि ओला ठेवून घासावे. ४०० नंबरने सुरुवात, मग ८०० आणि १२००. थर कठीण असल्याने वेळ लागतो. कडा आधी उघड्या पडतात, खाचांत रंग उरतो. थर संपला का, हे डोळ्यांनी ठरवू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोके मुठीला लावा. ऑक्साइड विद्युतरोधक आहे, त्यामुळे 'बीप' आला तर खाली धातू लागला.

कॉस्टिक सोड्याने काम पटकन होते, म्हणूनच ते धोक्याचे. ऑक्साइड विरघळताना फारसे बुडबुडे येत नाहीत. थर संपून सोडा धातूला भिडला की हायड्रोजनचे बुडबुडे जोरात सुटतात:

२Al + २NaOH + ६H₂O → २Na[Al(OH)₄] + ३H₂

ती थांबण्याची खूण. चाकू आधी पूर्ण सुटा करा. एक लिटर थंड पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सोडा पुरे. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. प्लास्टिकचे भांडे, हातमोजे, चष्मा, उघडी जागा आणि जवळपास ज्योत नको. यातल्या कशालाही पर्याय नाही. सोड्याचा एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. नंतर मुठीवर काळी काजळी दिसते. मिश्रधातूतील तांब्यासारखे घटक सोड्यात विरघळत नाहीत, त्यांचा तो अवशेष. प्रयोगशाळेत तो सौम्य नायट्रिक आम्लाने काढतात.

मापाचा हिशेब आधीच करा. १५ मायक्रॉनचा थर गेला की पात्याच्या खिळीचे भोक दोन्ही बाजूंनी मिळून ०.०३ मिमीने मोठे होते. घट्ट बसणारे पाते तेवढ्याने हलू लागते. म्हणून द्रावणात बुडवण्यापूर्वी भोकात रबरी बूच बसवा.