डोळ्यांचे वावडे व आयुर्वेदातील पहिला उपचार

फाल्गुन संपून चैत्र लागला की मुलचेरा तालुक्यातील रानांत मोहाची फुले गळू लागतात. ती वेचण्यास जमीन मोकळी असावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची वहिवाट आहे. पहाटे टोपली घेऊन आईबापांबरोबर रानात गेलेली मुले धुरातून व राखेतून फुले वेचतात आणि तशीच शाळेत येतात. पहिल्याच तासाला त्यांतील दोनचार मुले डोळे चोळीत बसलेली दिसतात. डोळे लाल झालेले असतात आणि पाणी गळत असते. शिक्षक म्हणतात, याचे डोळे आले. आणि मुलास घरी धाडतात.

शिक्षकांची ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. 2023 सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत राज्यभर डोळ्यांची जी साथ पसरली, तिच्या वेळी लाल डोळ्यांच्या मुलास घरी ठेवणे हेच योग्य होते. परंतु चैत्रातील हे मूल बहुधा साथीचे नसते. त्याचा आजार शेजारच्या मुलास लागत नाही. त्यास आठ दिवस घरी बसविले तर तेवढा अभ्यास बुडतो. त्याहून वाईट म्हणजे घरी कोणी त्याच्या डोळ्यांत काजळ घालतो, कोणी पाल्याचा रस पिळतो.

एखाद्या मनुष्यास वांगे सोसत नाही. आपण म्हणतो, त्यास वांग्याचे वावडे आहे. तसेच काही डोळ्यांस धुळीचे, परागांचे वा गुरांच्या केसांचे वावडे असते. निरुपद्रवी पदार्थास शरीर शत्रू समजते व त्याच्याशी झगडते. त्या झगड्यात डोळ्यास खाज सुटते, पापण्या सुजतात व पाणी वाहते. यालाच डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात. नुसत्या धुराने डोळे चुरचुरणे हे वावडे नव्हे. पण ज्यास वावडे आहे त्याचा त्रास धुराने वाढतो. उष्ण व कोरड्या प्रदेशांत पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत याचा एक हट्टी प्रकार आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक असतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी तो उलटतो, डोळ्यांतून दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो आणि उजेड सोसत नाही. वयात आल्यावर बहुतेक मुलांचा त्रास आपोआप कमी होतो.

वर्गात भेद ओळखावयाचा तो असा. वावड्याची मुख्य खूण खाज होय. दोन्ही डोळे खाजतात, पुष्कळदा शिंकाही येतात आणि गेल्या वर्षी याच दिवसांत हेच झाले होते असे पालक सांगतात. साथीत एक डोळा आधी येतो, मग दुसरा. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात आणि घरात किंवा वर्गात आणखी कोणाचे डोळे आलेले असतात. संशय असेल तेव्हा साथ धरूनच चालावे.

नेत्ररोगांचा विचार आयुर्वेदाच्या शालाक्यतंत्र या अंगात येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 विकार सांगितले आहेत. डोळा लाल होऊन गळू लागतो त्या विकारास तेथे अभिष्यंद हे नाव असून त्याचे वातज, पित्तज, कफज व रक्तज असे चार भेद आहेत. टोचणे हे वाताचे, आग होणे हे पित्ताचे, तर खाज, जडपणा, सूज व चिकट स्राव ही कफाची लक्षणे मानली आहेत. वावड्याच्या डोळ्यास आजचे वैद्य बहुधा या कफज प्रकारात बसवितात. हे दोन्ही शब्द तंतोतंत एकच नव्हेत, एवढे लक्षात ठेवावे. विशेष म्हणजे एका माणसापासून दुसऱ्यास लागणाऱ्या रोगांत सुश्रुताने अभिष्यंदाचे नाव स्पष्ट घेतले आहे, आणि स्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एका अंथरुणावर निजणे व दुसऱ्याची वस्त्रे वापरणे ही रोग पसरण्याची कारणेही दिली आहेत. एकाच टॉवेलला चार मुलांनी तोंड पुसू नये, हा काही नवीन शोध नव्हे.

या तंत्राच्या आरंभीच उपचाराचे सार सांगितले आहे. ते म्हणजे निदानपरिवर्जन. निदान म्हणजे रोगाचे कारण, व त्यापासून दूर राहणे हा पहिला उपचार. कारणांच्या यादीत धूर आहे, अवेळी झोप आहे, तापलेल्या अंगाने पाण्यात शिरणे आहे, अतिशय रडणेही आहे. औषधाचे नाव त्यानंतर येते. आपल्याकडे मात्र मधला हा भाग गाळून लोक थेट औषधाकडे धाव घेतात.

शाळेपुरते निदानपरिवर्जन करण्यास खर्च लागत नाही. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे आणि त्रास असलेल्या मुलाकडे झाडण्याचे काम देऊ नये. फळा ओल्या फडक्याने पुसावा. आवारातील गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मोठ्या माणसांनी हात झाकून उपटावे. मोहाच्या दिवसांत पालकांस एवढेच सांगावे की, पाला पेटवावयाचा तर मूल रानात नसताना पेटवावा आणि घरी परतताच मुलाचे हात व तोंड स्वच्छ पाण्याने धुवावे. मोह वेचू नका असे सांगण्यात अर्थ नाही. त्यावर घरचा खर्च चालतो.

काजळाविषयी पुष्कळांची समजूत अशी की, ते आयुर्वेदाने सांगितलेले औषध आहे. अंजन आयुर्वेदात आहे हे खरे. पण अभिष्यंदाच्या कोवळ्या अवस्थेत, म्हणजे डोळा लाल व सुजलेला असता, अंजन घालू नये असे तोच आयुर्वेद सांगतो. शिवाय बाजारी सुरम्यात पुष्कळदा शिसे असते आणि ते मुलाच्या शरीरात साठून मेंदूस अपाय करते. हिरडा, बेहडा व आवळा ही तिन्ही झाडे या जिल्ह्याच्या रानांत आहेत, म्हणून त्रिफळ्याचा काढा करून डोळे धुण्याची कल्पना सहज सुचते. त्रिफळा नेत्रांस हितकर मानला आहे आणि काढ्याची धार धरण्याचा विधी, म्हणजे सेक, शास्त्रात आहेच. परंतु घरच्या भांड्यात केलेला, फडक्याने गाळलेला व रात्रभर ठेवलेला काढा निर्जंतुक नसतो. चोळून ओरखडे पडलेल्या बुबुळावर तो पडला तर जखम चिघळते. थेंब घालणे (आश्च्योतन), पापण्यांवर बाहेरून लेप देणे (बिडालक) हे विधी शिकलेल्या वैद्याने, रोगाची अवस्था पाहून करावयाचे आहेत. मध, कांद्याचा रस, आईचे दूध, झाडाचा चीक यांपैकी काहीही शाळेत वा घरी डोळ्यांत घालू नये.

तत्काळ आराम हवा असल्यास स्वच्छ, थंड पाण्यात भिजवून पिळलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावी. ग्रंथात कफज विकारास उष्ण उपचार मानवतात असे म्हटले आहे, तर आजचे डॉक्टर खाजेवर थंड घडी सांगतात. शाळेत थंड घडीच बरी. तिने खाज लवकर शमते व भाजण्याचे भय नाही. प्रत्येकाचे फडके निराळे असावे. चोळणे थांबविणे हे सर्वांत अवघड काम आहे, पण तेच महत्त्वाचे. वर्षानुवर्षे जोराने चोळल्याने काही मुलांचे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि नजर कायमची बिघडते. रागावून उपयोग नाही. हातास काही काम द्यावे, नखे कापून घ्यावी.

अभिष्यंदाची उपेक्षा केल्यास त्यातून दृष्टीचा नाश करणारा अधिमंथ होतो, असा इशारा सुश्रुताने दिला आहे. डोळा नुसता खाजत नसून दुखत असेल, उजेडात उघडत नसेल, अंधुक दिसत असेल, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, किंवा धानाचे कुसळ अथवा काटा लागला असेल, तर त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दुकानातून आणलेले थेंब आपल्या मनाने चालू ठेवू नयेत. त्यांतील काहींत स्टेरॉइड असते. डोळा दोन दिवसांत पांढरा होतो, म्हणून पालक तीच बाटली महिनोन्महिने वापरतात आणि त्यातून काचबिंदू वा मोतीबिंदू होऊ शकतो.

या तालुक्यातील वर्गांत माडिया, गोंडी, तेलुगू व बंगाली बोलणारी मुले एकत्र बसतात. दुखते व खाजते यांतील फरक मराठीत विचारल्यास लहान मूल दोन्हीस मान डोलावते. बंगाली घरातील मूल ‘चोख चुलकाय’ म्हणाले तर डोळा खाजतो आहे असे समजावे. इतरांच्या बाबतीत त्याच भाषेतील मोठ्या विद्यार्थ्यास मध्ये घ्यावे, अथवा चोळण्याची व दुखण्याची खूण हाताने करून विचारावे. ज्याचे डोळे दरवर्षी येतात त्याचे नाव, महिना व लक्षणे एका वहीत लिहून ठेवावी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ती दाखवावी. मार्चमध्ये सुरू होऊन पावसाबरोबर थांबणारा त्रास त्या दिवशी मुलाच्या डोळ्यांत दिसेलच असे नाही. वहीत मात्र तो दिसतो.