गाडी पाहण्याची हौस आणि हिशेबाची वही

रेल्वेगाडी ही बसण्याकरिता असते, पाहण्याकरिता नव्हे, असा आपल्याकडील शहाण्यासुरत्या माणसांचा समज आहे. तरीही नागपुरात एखाद्या रेल्वेपुलाच्या कठड्याशी दोनचार माणसे उभी आढळतात. त्यांना कोठे जावयाचे नसते. इंजिन अजनी शेडचे की बाहेरचे, मालगाडीला डबे किती, याची चर्चा करीत ती पुढच्या गाडीची वाट पाहतात. या हौशीला हे शहर मोठे सोयीचे. १८६७ साली भुसावळकडून लोहमार्ग येथे पोहोचला. पुढे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन मार्गांची गाठही येथेच पडली.

परंतु नागपूरचे खरे वैभव होते ते नॅरोगेजचे. अडीच फुटी रुळांवरून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे जाणाऱ्या त्या गाड्यांचा वेग इतका बेताचा, की पाहणाऱ्याला डबा न् डबा निरखता येई. छिंदवाड्याची गाडी २०१५ साली थांबली, नागभीडची २०१९ साली.

रुंदीकरणाला विरोध करणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला शोभणार नाही. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागते. त्यात मजुरी जाते, वेळ जातो, माल सांडतो. तो खर्च वाचला, हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो हिशेबात न धरलेल्या रकमेचा. मार्शलचे ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ आमचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात: वस्तूसाठी जी किंमत देण्याची तयारी असते आणि जी प्रत्यक्षात द्यावी लागते, त्यांतील तो फरक. कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला किंमत शून्य पडते. म्हणजे त्याचे सारेच समाधान आधिक्य ठरते. मात्र ज्याला किंमत नाही ते गेले तरी नुकसानीच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही.

मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, आणि ते जरूर पाहावे. पण उभे इंजिन आणि धावते इंजिन यांत छायाचित्र आणि माणूस यांच्याइतके अंतर आहे. याच मापाचा कालका-सिमला मार्ग १९०३ पासून चालू आहे आणि २००८ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेथे हिमालय आहे, आपल्याकडे काय, असे कोणी म्हणेल. त्याने वेल्समधील टॅलिलिन रेल्वेकडे पाहावे. पाटीचा दगड वाहण्यासाठी घातलेली ही चिमुकली रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असता १९५१ साली हौशी स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली. ती आजही चालते.

उरलेल्या सामग्रीतून पाच-सात किलोमीटरचा एक तुकडा नागपूरच्या आसपास चालता ठेवणे अशक्य नसावे. खर्च कोणी सोसावा? माझ्या मते पहिला वाटा पाहणाऱ्यांनीच उचलावा. आजवर सारे फुकट पाहण्याची सवय झालेली ही मंडळी तिकीट काढतील काय, याची मला शंका होती. ओळखीच्या दोघांनी होकार दिला आहे, तिसरे सवलत मागत आहेत.